घशात दडलेला परमा

२००९ साली जपानमधील क्योतो शहरात देहविक्रय करणाऱ्या एका स्त्रीच्या घशातून परम्याचे जंतू मिळाले. त्यांना पुढे 'एच०४१' हे नाव पडले. सेफ्ट्रायॅक्सोन या ज्या इंजेक्शनवर तोवर जगाची भिस्त होती, त्यालाच ते दाद देत नव्हते. असा वाण प्रथम हाती लागला तो घशातून, हा निव्वळ योगायोग मानणे कठीण आहे.

या रोगाच्या उपचारांचा इतिहास म्हणजे हरत गेलेल्या औषधांची वंशावळच. १८७९ मध्ये आल्बर्ट नायसर यांनी जंतू ओळखला, तरी त्यानंतर अर्धशतकाहून अधिक काळ पोटॅशियम परमँगनेटने मूत्रमार्ग धुणे आणि चांदीचे क्षार वापरणे, एवढेच वैद्यांच्या हाती होते. १९३०च्या दशकात सल्फा औषधे आली आणि दहाएक वर्षांत निष्प्रभ होऊ लागली. मग पेनिसिलिन आले. १९७६ मध्ये त्याचेच विघटन करणारे जंतू आढळले. सिप्रोफ्लॉक्सासिन आणि सेफिक्झिम यांचीही पुढे तीच गत झाली.

यात घशाची भूमिका काय? मुखमैथुनातून तिथे पोहोचलेला जंतू बहुधा कोणताच त्रास देत नाही. रोग्याला पत्ता नसतो आणि तपासणी केवळ लघवीची झाली, तर डॉक्टरांनाही नसतो. त्याच घशात नायसेरिया कुळातले त्याचे निरुपद्रवी भाऊबंद कायमचे वस्तीला असतात. इतर आजारांसाठी घेतलेल्या प्रतिजैविकांना तोंड देऊन ते निर्ढावलेले असतात. परम्याचा जंतू त्यांच्या जनुकांचे तुकडे उचलून स्वतःत जोडतो. एच०४१चे एक कळीचे जनुक असेच ठिगळांचे होते. त्यात भर म्हणजे घशाच्या ऊतींत औषध पुरेसे मुरत नाही.

२०१८ मध्ये ब्रिटनमधील एका रुग्णाच्या बाबतीत हे उघड दिसले. सेफ्ट्रायॅक्सोननंतर त्याच्या लघवीची चाचणी निर्दोष आली, घशातला संसर्ग मात्र टिकून राहिला. अखेर शिरेतून एर्टापेनेम द्यावे लागले.

म्हणूनच अमेरिकेच्या २०२०च्या शिफारशींत घशाच्या परम्यासाठी उपचारांनंतर ७ ते १४ दिवसांनी फेरचाचणी सांगितली आहे. इतरत्रच्या साध्या संसर्गाला ती अट नाही. जोडीदारांवरही उपचार करणे आणि त्यानंतर ७ दिवस संबंध टाळणे हे नियम जुनेच. मुखमैथुनातही निरोध वापरावा, असाही सल्ला दिला जातो.

एच०४१ फैलावल्याचे दिसले नाही. पण २०१५ मध्ये जपानमध्येच 'एफसी४२८' सापडला आणि २०१७ पर्यंत त्याचे सगेसोयरे डेन्मार्क, कॅनडा व ऑस्ट्रेलियात आढळले होते.