मुळाच्या टोकाशी सिमेंट, सिमेंटमध्ये सोमल

१८७८ मध्ये विट्टे नावाच्या एका जर्मन दंतवैद्याने दाताची मूळनलिका पोर्टलंड सिमेंटने भरल्याचे टिपण प्रसिद्ध केले. ज्या सिमेंटने युरोपात त्या काळी बंदरे, गटारे आणि पूल उभे राहत होते, तेच सिमेंट आता माणसाच्या जबड्यात गेले. पण ही कल्पना मूळ धरू शकली नाही. पुढे शतकाहून अधिक काळ लोटल्यावर कॅलिफोर्नियातील एका दंतमहाविद्यालयात ती पुन्हा अवतरली, आणि या खेपेस तिने जग जिंकले. त्या विजयाच्या मागोमाग आलेला प्रश्न मात्र विट्टेला पडलेला नव्हता. चुनखडी आणि माती भाजून केलेल्या या भुकटीत आर्सेनिक, शिसे आणि क्रोमियम किती असते, आणि त्यातले हाडात किती उतरते?

दंतवैद्यकाला आर्सेनिक तसे नवखे नव्हे. १८३६ मध्ये न्यूयॉर्कच्या शिअरजाशब स्पूनर यांनी दुखऱ्या दाताची मज्जा मारण्यासाठी आर्सेनिक ट्रायऑक्साइड, म्हणजे आपल्याकडचा सोमल, वापरण्याची रीत पुस्तकातून मांडली. भूल देण्याची साधने नसलेल्या त्या काळात रुग्णांना ती वरदानच वाटली असणार. सोमलाचा कण पोकळीत ठेवायचा, काही दिवसांत मज्जा मरते, वेदना थांबते. तो कण दाताबाहेर झिरपला तर हिरडी आणि जबड्याचे हाडही मरते, हे अनेकांना भोगून कळले. विसाव्या शतकात लोकप्रिय झालेल्या 'एन-२' या मूळनलिकेत भरण्याच्या लेपात शिशाचे ऑक्साइड होते. तेव्हा दातात विषारी मूलद्रव्ये जाणे ही जुनीच गोष्ट. फरक इतकाच की स्पूनर यांनी आर्सेनिक जाणूनबुजून घातले होते, आणि सिमेंटमध्ये ते न बोलावता आले.

मूळनलिकेचा उपचार काही वेळा फसतो. मुळाच्या टोकाशी जंतूंचे घर राहते, हाड पोखरत जाते आणि पुन्हा वरून शिरून काही साधत नाही. अशा वेळी शल्यचिकित्सक हिरडी उचलतो, हाडात खिडकी करतो, मुळाचे सुमारे ३ मिलिमीटर टोक कापून टाकतो आणि उरलेल्या मुळात तेवढाच खोल खड्डा करून तो भरतो. हे भरण बाहेरच्या दातावरच्या भरणासारखे नसते. त्याच्या एका बाजूला थेट हाड आणि रक्त असते, आणि ते आयुष्यभर तिथेच राहायचे असते. बराच काळ त्यासाठी अमाल्गम, म्हणजे पाऱ्याचा मिश्रधातू, वापरला गेला. तो ओलाव्यात नीट बसत नसे, कडेने गळत असे आणि ऊतींवर काळे डाग सोडत असे. जस्ताच्या ऑक्साइडची आणि लवंगतेलातल्या युजेनॉलची सिमेंटे त्याहून बरी ठरली, पण हाड त्यांना बिलगून वाढत नव्हते.

लोमा लिंडा विद्यापीठातील महमूद तोराबिनेजाद आणि त्यांचे सहकारी १९९० च्या दशकाच्या आरंभी ओलाव्यात घट्ट होणारा पदार्थ शोधत होते. १९९३ मध्ये त्यांच्या गटाचा पहिला निबंध आला. पदार्थाचे नाव होते मिनरल ट्रायऑक्साइड ॲग्रिगेट, संक्षेपाने एमटीए. शोधनिबंधांतली ही भाषा वाचून कोणाला बांधकामाची आठवण झाली नसती. पेटंटमध्ये मात्र हा पदार्थ मुळात पोर्टलंड सिमेंट आहे असे उघड लिहिले होते. सुमारे ७५ टक्के पोर्टलंड सिमेंट, ५ टक्के जिप्सम, आणि क्ष-किरण छायाचित्रात भरण दिसावे म्हणून २० टक्के बिस्मथ ऑक्साइड. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्याला १९९८ मध्ये मान्यता दिली. पाणी मिसळले की सिमेंटमधले कॅल्शियम सिलिकेट जलसंयोग करते, कॅल्शियम हायड्रॉक्साइड सुटते, पीएच सुमारे १२.५ पर्यंत चढतो, पावणेतीन तासांत भरण घट्ट होते. आणि हाड त्याला बिलगते. पाऱ्याने जे कधी केले नाही ते चुन्याच्या या नातेवाइकाने केले.

मग गंमत सुरू झाली. एमटीए आणि साधे पोर्टलंड सिमेंट रासायनिकदृष्ट्या जवळजवळ एकच आहेत, हे १९९९-२००० च्या सुमारास अनेकांनी दाखवले. आयात केलेल्या एमटीएच्या एका ग्रॅमला काही हजार रुपये पडत. बांधकामाच्या ५० किलोच्या पोत्याला काही शे. ब्राझील आणि भारत या दोन्ही देशांत हिशेब करणाऱ्यांच्या नजरेतून ही तफावत सुटली नाही. दोन्हीकडच्या दंतमहाविद्यालयांत एमटीए आणि पोर्टलंड सिमेंटची तुलना करणारे अभ्यास झाले, आणि पुष्कळदा ऊतींचा प्रतिसाद सारखाच दिसला. गरीब रुग्णाला महाग औषध परवडत नसेल, तर पोत्यातले सिमेंट निर्जंतुक करून का वापरू नये? हा प्रश्न थट्टेचा नव्हता. दात वाचवायचा की काढायचा, याचा निर्णय भारतात आजही अनेकदा पैशावर होतो.

आर्सेनिक इथेच चर्चेत आले. लीड्सच्या जोसेफ ॲस्पडिन यांनी १८२४ मध्ये पेटंट घेतलेले पोर्टलंड सिमेंट हे शुद्ध रसायन कधीच नव्हते. चुनखडी आणि चिकणमाती भट्टीत सुमारे १४५० अंश सेल्सियसपर्यंत भाजली जाते. खडकातले, मातीतले आणि जळणातले जे काही असेल ते अंशतः क्लिंकरमध्ये उतरते. आर्सेनिक बाष्पशील खरे, पण भट्टीत चुना भरपूर असल्याने त्याचा बराच भाग कॅल्शियम आर्सेनेट होऊन तिथेच अडकतो. क्रोमियम भट्टीतल्या क्षारीय, प्राणवायूयुक्त वातावरणात षट्संयुजी होते, आणि तेच त्याचे घातक रूप. गवंड्यांच्या हातांना होणारा इसब त्याचाच. युरोपीय संघाने जानेवारी २००५ पासून सिमेंटमधल्या विद्राव्य षट्संयुजी क्रोमियमवर दशलक्षात २ भाग अशी मर्यादा घातली ती याच कारणाने. लोह अधिक असलेल्या करड्या सिमेंटमध्ये अशुद्धी साधारणपणे जास्त, पांढऱ्यात कमी.

दंतवैद्यकीय सिमेंटांच्या आंतरराष्ट्रीय मानकात, आयएसओ ९९१७-१ मध्ये, आम्लात विरघळणाऱ्या आर्सेनिकाची मर्यादा किलोमागे २ मिलिग्रॅम आणि शिशाची १०० मिलिग्रॅम आहे. २००५ मध्ये ब्राझीलमधील दुआर्ते आणि सहकाऱ्यांनी एमटीए व पोर्टलंड सिमेंट दोन्ही आम्लधर्मी आणि उदासीन द्रवांत ठेवून सुटलेले आर्सेनिक मोजले, आणि ते फारच थोडे निघाले. तीन वर्षांनी ब्रामान्ते यांच्या गटाने प्रश्न वेगळ्या बाजूने विचारला. किती सुटते असा नव्हे, तर किती आहे असा. वेगवेगळ्या एमटीए आणि सिमेंटांच्या नमुन्यांत आर्सेनिक आढळले, आणि त्यातील अनेकांत ते २ मिलिग्रॅमच्या वर होते. पण सर्वाधिक बोलका आकडा सिमेंटांतल्या आपापसांतल्या फरकाचा होता. एका करड्या पोर्टलंड सिमेंटमध्ये किलोमागे ३० मिलिग्रॅमहून अधिक, तर दुसऱ्यात एका मिलिग्रॅमहूनही कमी. म्हणजे 'पोर्टलंड सिमेंटमध्ये किती आर्सेनिक असते' या प्रश्नाला उत्तरच नाही. कुठले सिमेंट, कुठली खाण, कुठले जळण, हे आधी विचारायला हवे.

भारतीय वाचकाने इथे क्षणभर थांबून तुलना करावी. १९८३ मध्ये कोलकात्यातील स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनच्या त्वचारोगतज्ज्ञ के. सी. साहा यांनी बंगालच्या खेड्यांतल्या रुग्णांच्या त्वचेवरून विहिरींच्या पाण्यातील आर्सेनिक ओळखले. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यातील मार्गदर्शक मर्यादा आज लिटरमागे १० मायक्रोग्रॅम आहे. समजा, मुळाच्या टोकाच्या भरणाला ५० मिलिग्रॅम सिमेंट लागले, जे प्रत्यक्षात कमीच असते, आणि त्यात किलोमागे ३० मिलिग्रॅम आर्सेनिक आहे. एकूण आर्सेनिक दीड मायक्रोग्रॅम. ते सगळे एका दिवसात विरघळले तरी मर्यादेइतके आर्सेनिक असलेले दीडशे मिलिलिटर पाणी एकदा प्यायल्यासारखे. बंगालमध्ये लोक याहून कितीतरी दूषित पाणी लिटर-लिटर, रोज, वर्षानुवर्षे पीत होते. तेव्हा एका दाताच्या भरणाने कोणाला आर्सेनिकाची बाधा होईल असे हिशेब सांगत नाही. हे स्पष्ट म्हणायला हवे, कारण सिमेंटमधल्या विषाची बातमी ऐकून भरण काढून घेण्यास धावणाऱ्या रुग्णाचा दातच जाण्याची भीती अधिक.

तरीही प्रश्न निकाली निघत नाही. आर्सेनिकाची प्रयोगशाळेतली मोजणी स्वतःच निसरडी आहे. माल्टा विद्यापीठातील जोझेट कॅमिलेरी आणि सहकाऱ्यांच्या २०१० च्या अभ्यासात पोर्टलंड सिमेंट आणि एमटीए दोन्हींत आर्सेनिक मर्यादेहून जास्त दिसले. २०१२ मध्ये त्यांनी स्लोव्हेनियातील रसायनज्ञांसह पुन्हा मोजणी केली. आम्लात काढलेले आर्सेनिक मर्यादेच्या वरच राहिले, मात्र शरीरद्रवासारख्या द्रावात या सिमेंटांतून अगदी थोडी मूलद्रव्ये सुटली. आम्लाने काढलेल्या आकड्यात सिमेंटमधील इतर घटकांचा गोंधळ शिरत असावा, असेही त्यांनी नोंदवले. आपल्याच जुन्या आकड्यांवर असा फेरविचार करणे विज्ञानात जितके वाखाणले जाते तितके घडत नाही, इथे ते घडले. आर्सेनिक सिमेंटच्या जाळ्यात अडकून बसते, हे त्याच्या रसायनाशी सुसंगतच आहे. आर्सेनिकयुक्त घातक कचरा बांधून ठेवायला सिमेंटच वापरतात. क्रोमेटचे तसे नाही. तो क्षारीय पाण्यातही विद्राव्य राहतो, म्हणून क्रोमियम आर्सेनिकापेक्षा अधिक लक्ष देण्याजोगे आहे.

आणि पोत्याचा प्रश्न. ब्राझीलच्या अभ्यासांतले सिमेंट म्हणजे भारतीय दुकानातले सिमेंट नव्हे. आपल्या बाजारातले बहुतांश सिमेंट पोर्टलंड पोझोलाना आहे. भारतीय मानकानुसार त्यात १५ ते ३५ टक्के फ्लाय ॲश, म्हणजे औष्णिक वीजकेंद्रांतली कोळशाची राख, असू शकते. कोळशातले आर्सेनिक आणि क्रोमियम त्या राखेत येतात. भट्ट्यांत जुने टायर आणि औद्योगिक कचरा जाळण्याचीही परवानगी आहे, आणि कचरा विल्हेवाटीसाठी ती रीत योग्यच. इमारतीच्या सिमेंटचे मानक ताकद, घट्ट होण्याचा वेळ, बारीकपणा अशा गोष्टी पाहते. हाडाशी त्याचा संबंध येईल, ही गोष्टच त्या मानकाने गृहीत धरलेली नाही. म्हणून तुलनात्मक अभ्यासांत ऊतींचा प्रतिसाद सारखा आला, तरी उद्या घेतलेल्या पोत्याविषयी त्यातून काहीच सिद्ध होत नाही. स्वस्त दात वाचवण्याची निकड खरी आहे, पण तिचे उत्तर पोत्यात नाही.

उत्तर दुसऱ्या दिशेने येऊ लागले. अशुद्ध खडक भाजण्याऐवजी शुद्ध रसायनांपासून ट्रायकॅल्शियम सिलिकेट बनवायचे, आणि दाताला काळसर करणाऱ्या बिस्मथऐवजी झिर्कोनियम ऑक्साइड घालायचे. २०१० च्या सुमारास बाजारात आलेले बायोडेंटिन हे त्याचे ठळक उदाहरण. ते एमटीएहून बरेच लवकर घट्टही होते. भारतातही अशा पदार्थांचे उत्पादन सुरू झाले. 'एमटीए प्लस' हे भरण जम्मूमध्ये तयार होऊन अमेरिकेतील कंपनीच्या नावाने जगभर जात असे, आणि त्यावरच्या परदेशी शोधनिबंधांत साहित्याच्या यादीत जम्मूचा पत्ता छापलेला असे. मुळाच्या टोकाच्या भरणासाठी भारतीय दंतवैद्याने आयातीवरच अवलंबून राहावे, अशी स्थिती आता राहिलेली नाही.

आयएसओच्या त्या तक्त्यात आर्सेनिक आणि शिसे यांच्यासाठी ओळी आहेत. क्रोमियमसाठी मात्र तशी ओळ नाही.