नाव बदलले, भूक राहिली

शब्द बदलल्याने वस्तुस्थिती बदलते काय? महाराष्ट्राने १९६३ साली खास कायदा करून राज्याच्या कायद्यांतून ‘दुष्काळ’ हा शब्द वगळला व त्या जागी ‘टंचाई’ आणली. टंचाईच्या पायरीवरच मदत पोहोचते, मग दुष्काळ येईलच कसा, हा शासनाचा युक्तिवाद. पुढे १९७२ साली पाऊस फिरकला नाही. दप्तरी ती टंचाई होती. लोक मात्र आजही ‘बहात्तरचा दुष्काळ’च म्हणतात.

जव्हार-मोखाड्यातही हेच घडले. १९९२-९३ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीत आदिवासी बालके दगावली. लोक म्हणाले ‘भूकबळी’. सरकारी अहवाल म्हणाले ‘कुपोषण’. मृत्यूच्या नोंदीत जुलाब, न्यूमोनिया लिहिता येतो. भुकेला रकाना नसतो. आता असे मूल वजन-उंची मोजून ‘सॅम’ वा ‘मॅम’ ठरते. मोजमापाने उपचार मिळतो, हे मान्य. पण घरात धान्य का नाही, हा प्रश्न त्या अक्षरांत मावत नाही.

पावसाळा सरल्यावर वीटभट्टीकडे निघणाऱ्या कुटुंबांना कार्यालय ‘स्थलांतरित’ म्हणते. ती स्वतः म्हणतात, ‘जगायला चाललो.’ इतिहास लिहिणाऱ्याने दोन्ही शब्द नोंदवावेत. मात्र दुसरा आधी लिहावा.