प्रशिक्षणानंतर कमाई वाढली, पण कशामुळे?

समजा, तुमच्यासमोर बेरोजगारांसाठीच्या एका सरकारी प्रशिक्षण योजनेचा तक्ता आहे. एका रकान्यात प्रवेशाच्या आदल्या वर्षाची सरासरी कमाई, दुसऱ्यात प्रशिक्षणानंतरची. दुसरा आकडा मोठा आहे. मग ‘योजना यशस्वी’ असं लिहून टाकायचं का? जरा थांबा. अमेरिकेत याच प्रश्नावर काही दशकं वाद चालला आणि संशोधनाची तयारी करणाऱ्या प्रत्येकाला त्यातून शिकण्यासारखं बरंच आहे.

मार्च 1962 मध्ये अध्यक्ष केनेडींनी मनुष्यबळ विकास आणि प्रशिक्षण कायद्यावर सही केली. स्वयंचलित यंत्रं कामगारांच्या नोकऱ्या खाणार, ही तेव्हाची धास्ती. अशा अनुभवी कामगारांना सरकारी खर्चानं नवं कौशल्य द्यायचं, शिकताना भत्ताही द्यायचा, अशी ती योजना होती. पण थोड्याच वर्षांत बेरोजगारी कमी झाली आणि रोख गरीब, कमी शिकलेल्या तरुणांकडे वळला. म्हणजे कायदा तोच, पण वर्गात बसलेली माणसं वेगळी. जुने अहवाल वाचताना हे आधी तपासा.

1978 मध्ये ऑर्ली अ‍ॅशेनफेल्टर या अर्थशास्त्रज्ञानं 1964 च्या प्रशिक्षणार्थींच्या कमाईच्या नोंदी सामाजिक सुरक्षा खात्याच्या दप्तरातून तपासल्या. त्यात एक गोष्ट दिसली: प्रवेशाच्या अगदी आधी या लोकांची कमाई घसरलेली होती. विचार केला तर साहजिकच आहे. प्रशिक्षणाला येतो कोण? ज्याचं काम नुकतंच सुटलंय तो. त्यातल्या काहींना प्रशिक्षण न घेताही पुन्हा काम मिळालंच असतं. उतरणीला लागलेल्या तापात काढा घ्यायचा आणि श्रेय काढ्याला द्यायचं, तसं होतं हे. अभ्यासक आजही याला ‘अ‍ॅशेनफेल्टरची घसरण’ म्हणतात.

मग तुलना करायची कोणाशी? 1970 च्या दशकाच्या मध्यात झालेल्या ‘सपोर्टेड वर्क’ या प्रयोगात कोणाला काम द्यायचं आणि कोणाला नाही, हे चिठ्ठ्या टाकावं तसं ठरवलं होतं. त्यामुळे दोन्ही गट सुरुवातीला सारखेच होते. 1986 मध्ये रॉबर्ट लालोंद यांनी या प्रयोगाचा छान उपयोग केला. त्यांनी खरा तुलना-गट बाजूला ठेवला, राष्ट्रीय सर्वेक्षणांतून दुसरे गट तयार केले आणि तेव्हाच्या प्रचलित संख्याशास्त्रीय पद्धती त्यांच्यावर लावून पाहिल्या. प्रयोगाप्रमाणे पुरुषांची 1978 ची कमाई सुमारे 886 डॉलरनं वाढली होती. प्रचलित पद्धतींची उत्तरं मात्र गट आणि सूत्र बदललं की बदलत होती. काहींनी तर चक्क मोठा तोटा दाखवला.

यानंतर प्रयोगांचं वजन वाढलं. 1982 च्या प्रशिक्षण कायद्याखालच्या योजनेची परीक्षा 16 ठिकाणी, सुमारे 20 हजार अर्जदारांवर झाली. प्रौढांना माफक फायदा दिसला, शाळा सोडलेल्या तरुणांना जवळपास काहीच नाही. 1990 च्या दशकाच्या मध्यात तरुणांच्या निधीला मोठी कात्री लागली.

इथे तुम्ही काय लिहाल? ‘तरुणांवर खर्च वाया जातो’? निवड झालेल्यांपैकी बरेच जण प्रशिक्षणाला गेलेच नव्हते आणि नकार मिळालेल्यांपैकी काहींनी दुसरीकडून प्रशिक्षण घेतलं होतं. म्हणजे प्रयोगानं मोजलं ते ‘ही योजना आणि बाहेर मिळणारी मदत’ यांतलं अंतर. ‘प्रशिक्षण आणि काहीच नाही’ यांतलं अंतर निराळं. चिठ्ठ्या टाकल्या म्हणून अर्थ लावायचं काम संपत नाही. आणि त्या अर्थावर कोणाच्या तरी पोराचा वर्ग चालू राहणं किंवा बंद पडणं अवलंबून असतं.

तेव्हा आपल्याकडच्या एखाद्या कौशल्य योजनेचे ‘इतक्या टक्क्यांना नोकरी लागली’ असे आकडे हाती आले, की तीन गोष्टी विचारा. आधीची कमाई नेमकी कोणत्या महिन्यांची धरली? मध्येच सोडून गेलेले मोजले का? आणि अर्ज करूनही प्रवेश न मिळालेल्यांचं पुढे काय झालं? तिसऱ्याचं उत्तर अहवालात सहसा नसतं. नाकारलेल्या अर्जांची यादी कुठे जपून ठेवली आहे का, ते शोधायला लागा. तुमचा शोधविषय कदाचित तिथेच सापडेल.