पेन्शनीच्या उंबरठ्यावर

'साठी बुद्धी नाठी' असे आपल्याकडे म्हणतात, आणि म्हणणारे बहुधा साठीच्या आतलेच असतात. पण ही म्हण पुरुषाला निदान साठ वर्षांची सवलत तरी देते. बाईच्या वाट्याला तेवढीही येत नसे. घरात सून आली की कमरेच्या किल्ल्या तिच्या हवाली कराव्या, हाती जपाची माळ घ्यावी आणि नातवंडांना खेळवीत उरलेले दिवस काढावेत, असा क्रम जुन्या घरांत ठरून गेलेला होता. पुरुष पंचावन्नाव्या वर्षी कचेरीतून निरोपाचा हार गळ्यात घालून घरी येई. बाईला असा हार कधी मिळाला नाही, कारण तिची चाकरी कधी संपतच नसे.

मात्र मुली शिकू लागल्या, शिकलेल्यांतल्या काही नोकऱ्या करू लागल्या, तेव्हा महाराष्ट्रात प्रथमच एक नवा प्रश्न उभा राहिला. जिने आयुष्यभर घराबाहेर काम केले, ती बाई पन्नाशी ओलांडल्यावर काय करते? गतकाळात डोकावले तर या प्रश्नाची काही नवलाची उत्तरे सापडतात. केवळ काळ घालवण्यासाठी केलेले ते उद्योग नव्हते. त्या बायकांनी आयुष्याचा दुसरा डाव मांडला होता, आणि तो पहिल्यापेक्षा मोठा मांडला होता.

पार्वतीबाई आठवल्यांचे उदाहरण घ्या. जन्म १८७० चा. विशीत वैधव्य आले, पदरी एक मूल. धोंडो केशव कर्वे हे त्यांचे मेहुणे. कर्व्यांच्या हिंगण्याच्या आश्रमासाठी त्या गावोगाव फिरून वर्गणी गोळा करीत. हे काम वर्षानुवर्षे केल्यावर एखादी बाई विसावली असती. पार्वतीबाई १९१८ साली, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, इंग्रजी शिकण्यासाठी अमेरिकेस गेल्या! तिथे परक्या घरांत घरकाम करून त्यांनी पोट भरले. परत येऊन पुन्हा आश्रमाच्या कामाला लागल्या आणि पुढे 'माझी कहाणी' लिहून त्यांनी हा सारा प्रवास लोकांपुढे ठेवला.

लक्ष्मीबाई टिळकांचे तर विचारूच नका. १९१९ मध्ये रेव्हरंड टिळक गेले तेव्हा त्या पन्नाशीच्या पुढे होत्या. शाळेचे शिक्षण नाही, लिहिण्याची सवय बेताचीच. तरीही टिळकांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' पुढे नेण्याचे काम त्यांनी अंगावर घेतले, आणि १९३४ पासून 'स्मृतिचित्रे' ग्रंथरूपाने येऊ लागली तेव्हा त्या पासष्टी ओलांडून गेल्या होत्या. मराठी गद्याचा हा ठेवा एका आजीबाईंनी आपल्याला दिला, हे आपण सहसा ध्यानात घेत नाही.

या दोघींना नोकरीतली निवृत्ती नव्हती. आयुष्यानेच त्यांना वळणावर आणून उभे केले होते. पण चाललेले काम, नाव, मान हे सारे असताना पेन्शनीच्या वयात स्वतःहून उठून चालू लागलेली बाई पाहायची असेल, तर ताराबाई मोडकांकडे वळले पाहिजे.

ताराबाईंचा जन्म १८९२ साली मुंबईत, प्रार्थनासमाजाच्या सुधारकी वातावरणात झाला. १९१४ मध्ये त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. लग्न होऊन त्या अमरावतीस गेल्या. पण तो संसार टिकला नाही. लहान मुलगी घेऊन एकटीने जगायचे ठरले. राजकोटला स्त्रियांच्या ट्रेनिंग कॉलेजच्या त्या मुख्याध्यापिका झाल्या. पगाराची, प्रतिष्ठेची जागा. पण तीही सोडून त्या भावनगरला गेल्या. तिथे 'दक्षिणामूर्ती' संस्थेत गिजुभाई बधेका नावाचे एक वकील वकिली गुंडाळून लहान मुलांना शिकवीत बसले होते. मारिया माँटेसरी यांच्या पद्धतीने त्यांनी बालमंदिर चालवले होते. ताराबाई त्यांच्या सहकारी झाल्या. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ निघाला, 'शिक्षणपत्रिका' निघाली. पुढे ताराबाई मुंबईस परतल्या आणि १९३६ साली दादरला शिशुविहार सुरू झाला.

इथवरचे आयुष्य एखाद्याला पुरे वाटले असते. दादरची शाळा चालली होती, शिक्षिका तयार होत होत्या, बालशिक्षण म्हटले की ताराबाईंचे नाव निघत होते. आता खुर्चीत बसून सल्ला द्यावा, सत्कार घ्यावे, इतकेच उरले होते. परंतु त्यांच्या मनात एक शल्य होते. माँटेसरीची साधने महागडी. लाकडी ठोकळे, मनोरे, पेट्या हे सारे परवडणार ते शहरातल्या सुखवस्तू घरांना. मग खेड्यातल्या मुलाचे काय? माँटेसरीबाईंनी आपले काम रोममधल्या गरीब वस्तीत आरंभले होते; आणि आपल्याकडे मात्र ते पांढरपेशांच्या अंगणात अडकून पडले होते. योगायोग असा की या माँटेसरीबाई स्वतः १९३९ मध्ये, एकोणसत्तराव्या वर्षी, हिंदुस्थानात आल्या आणि महायुद्धाच्या काळात इथेच राहून शिक्षक तयार करीत राहिल्या. वयाचा बाऊ न करणाऱ्या बायका एकमेकींना अशा लांबून सोबत करीत असतात.

१९४५ साली ताराबाई बोर्डीस गेल्या. त्यांचे वय त्रेपन्न. त्या काळच्या सरकारी हिशेबाने पेन्शनीला दोनच वर्षे उरलेली! बोर्डी हे तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातले, आताच्या पालघर जिल्ह्यातले समुद्रकाठचे गाव. तिथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झाले. त्याच वर्षी त्याच मुलखात गोदावरी परुळेकरांच्या पुढाकाराने वारली वेठबिगारीविरुद्ध उभे राहत होते, हेही लक्षात ठेवावे. ज्या मुलांना शिकवायचे, त्यांचे आईबाप अजून माणूस म्हणून उभे राहण्यासाठी झगडत होते.

या कामात ताराबाईंना अनुताई वाघ भेटल्या. जन्म १९१० चा, बालविधवा, शिक्षिकेची नोकरी करून स्वतःच्या पायावर उभ्या राहिलेल्या. ताराबाईंहून अठरा वर्षांनी लहान. ही जोडी जमली नसती तर पुढचा इतिहास घडलाच नसता. उतारवयातल्या धाडसाला बहुधा एक तरुण खांदा लागतो. आपण सत्कार मात्र एकटीचाच करतो.

बोर्डीत पहिला धडा बायांनाच मिळाला. बालवाडी उघडली, पण हरिजनवाड्यातली मुले काही येईनात. पुष्कळ माणसांनी इथे 'या लोकांना शिक्षणाची आवडच नाही' असा शेरा मारून वही मिटली असती. ताराबाईंनी उलटा विचार केला. मुले शाळेत येत नाहीत ना, मग शाळाच मुलांकडे जाईल. शिक्षिका वाड्यात जाऊ लागल्या. तिथल्याच एखाद्या अंगणात मुलांना गोळा करायचे, न्हाऊमाखू घालायचे, नखे कापायची, केस विंचरायचे आणि मग गाणी, गोष्टी, खेळ. परदेशी साधनांच्या जागी शंखशिंपले, बिया, गोटे, पाने, माती आली. समुद्राने आणि झाडांनी ती फुकट पुरवली. अंगणात भरणारी म्हणून ती 'अंगणवाडी'. शब्द किती घरगुती, आणि मागचा विचार केवढा मोठा!

१९५७ मध्ये ताराबाईंनी आणखी एक पाऊल टाकले. बोर्डीहून त्या कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. आता वय पासष्ट. भोवती वारल्यांचे पाडे. इथले मूल शाळेत येत नसे, कारण त्याच्या कडेवर धाकटे भावंड असे. आईबाप मजुरीला गेलेले. तेव्हा पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र नांदवणारी 'विकासवाडी' उभी राहिली. धाकटे पाळण्यात, मधले खेळात, थोरले धड्यात. जी मुले गुरे राखायला रानात जात, त्यांच्यामागे शिक्षक कुरणात गेले. तिला 'कुरणशाळा' म्हणत. ज्या अडचणीपुढे इतरांनी हात टेकले असते, त्या अडचणीलाच या बायांनी शाळेचा आकार दिला.

१९६२ मध्ये सरकारने ताराबाईंना पद्मभूषण दिले. १९७३ साली त्या गेल्या. त्यानंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, भारत सरकारची एकात्मिक बालविकास योजना देशातल्या तेहतीस विभागांत सुरू झाली आणि तिच्या केंद्राला नाव मिळाले 'अंगणवाडी'. एका त्रेपन्न वर्षांच्या बाईने वाड्यातल्या अंगणात मांडलेला खेळ काश्मीरपासून केरळपर्यंत पोचला. आज अशी जवळजवळ चौदा लाख केंद्रे देशात आहेत.

कोसबाडची गोष्ट मात्र तिथे थांबली नाही. ताराबाई गेल्या तेव्हा अनुताई त्रेसष्ट वर्षांच्या होत्या. त्यांनी कोसबाडची धुरा पुढे वाहिली, आणि १९८२ मध्ये, बहात्तराव्या वर्षी, रमेश पानसे यांच्यासह 'ग्राममंगल' ही नवी संस्था काढली. गुरूचा उतारवयातला वारसा शिष्येने उतारवयातच चालवला.

या कथा वाचून धन्य वाटते. पण धन्यतेवर थांबू नये. 'निवृत्ती' हा शब्द आपण अध्यात्मातून घेतला आणि नोकरीला चिकटवला. या बायकांनी तो नाकारला खरा, पण त्याची किंमतही मोजली. पार्वतीबाईंना आणि अनुताईंना ही मोकळीक वैधव्याने दिली, ताराबाईंना मोडलेल्या संसाराने. ज्यांचा संसार धड होता, त्यांच्यापैकी कितीजणींना पन्नाशीत घराबाहेर पाऊल टाकता आले असते? बाईला स्वतःचे आयुष्य मिळण्यासाठी आधी तिचे काहीतरी उद्ध्वस्त व्हावे लागावे, ही त्या काळाची लाज होती.

आणि एक हिशेब आजचाही आहे. त्या लाखो अंगणवाड्या चालवणाऱ्या सेविका आणि मदतनीस बहुतेक सगळ्या बायकाच. त्यांच्या हाती पडते ते मानधन. पगाराचे नाव त्याला नाही. त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितले, तेव्हा अंगणवाडी योजनेला सेहेचाळीस वर्षे उलटून गेली होती. ताराबाईंनी पेन्शनीच्या उंबरठ्यावरून नव्या वाटेवर पाऊल टाकले, ते आपल्या खुशीने. ज्या बाईच्या म्हातारपणाची काही तजवीजच नाही, तिने साठीनंतरही राबत राहावे, याला नवा डाव म्हणता येत नाही. तो डाव मांडायचा की विसावा घ्यायचा, हे तिचे तिला ठरवता यावे. अंगणवाडीच्या जननीचे ऋण फेडायचे झाले, तर त्या अंगणात राबणाऱ्या बायकांपासूनच आरंभ करावा लागेल.