बर्ड फ्लूच्या काळातील परसातील कुक्कुटपालन

परसातील कुक्कुटपालन म्हणजे घराच्या आवारात थोड्या कोंबड्या मोकळ्या सोडून पाळण्याची पद्धत होय. बर्ड फ्लूची साथ उद्भवल्यास या कोंबड्यांना रानपक्ष्यांपासून दूर, बंदिस्त ठेवावे लागते. उकिरडे व बांध धुंडाळून आपले पोट आपणच भरणे हा गावठी कोंबडीचा सर्वांत मोठा गुण. साथीत नेमका तोच धोक्याचा ठरतो.

इतिहास

भारतातील पहिल्या उद्रेकाची पुष्टी फेब्रुवारी 2006 मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे झाली. तेथे लागण व्यावसायिक पोल्ट्रींमध्ये होती. मार्चमध्ये मात्र खानदेशातीलच जळगाव जिल्ह्यात गावांतील परसातल्या कोंबड्यांना रोगाने गाठले. जानेवारी 2021 मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंबा येथे व पुढच्याच महिन्यात पुन्हा नवापूरला उद्रेक झाला. ब्रिटनमध्ये साथीच्या हिवाळ्यात पक्षी बंदिस्त ठेवण्याचा आदेश निघतो आणि पूर्वी तो एकच कोंबडी पाळणाऱ्यासही लागू असे. भारतात निर्बंध प्रामुख्याने बाधित क्षेत्रापुरते असतात.

बंदिस्ती

रानबदके व इतर पाणपक्षी हे या विषाणूचे नैसर्गिक वाहक असून तो त्यांच्या विष्ठेतून पसरतो. म्हणून केवळ जाळी पुरेशी नाही. जाळीतून पक्षी आत येत नाहीत, पण विष्ठा पडते. वर पत्र्याचे किंवा ताडपत्रीचे अखंड छप्पर हवे. दाणापाणी आतच द्यावे, तळ्याचे वा ओढ्याचे पाणी वापरू नये. बदके असल्यास ती वेगळी ठेवावीत. खुराड्यात जाण्यासाठी निराळी चप्पल ठेवावी, कारण विषाणू माणसाच्या पायांनीही आत येतो. आठवडी बाजारातून नवी कोंबडी आणून कळपात सोडणे या काळात टाळावे.

डालगे रात्रीपुरते ठीक. दिवसरात्र कोंडायचे तर मोठ्या कोंबडीस साधारण 2 चौरस फूट जागा लागते. दाटीत कोंबड्या एकमेकींची पिसे उपटतात, कधी रक्त निघेपर्यंत टोचतात. मेथीची किंवा शेवग्याच्या पाल्याची जुडी उंचावर टांगली की त्या तिच्यात गुंततात. धुळीत लोळण्याच्या सवयीसाठी घमेल्यात कोरडी माती व राख ठेवावी. जमिनीवरील भाताच्या तुसाची गादी वरचेवर हलवून कोरडी राखावी. खरी अडचण खाद्याची आहे. अंड्यांच्या पैशांवर घरातील बाईचा किरकोळ खर्च चालतो. मका-कणी विकत घ्यावी लागली की तो पैसा खाद्यातच जातो. कोंबड्या पुन्हा बाहेर सोडल्या जातात त्या अज्ञानामुळे नव्हे, बहुधा याच कारणाने.

मरतूक व भरपाई

अचानक मरतूक, तुरा जांभळा पडणे, डोक्यावर सूज ही लक्षणे मानमोडी अर्थात राणीखेत रोगाशी इतकी मिळतीजुळती आहेत की नुसत्या डोळ्यांनी निदान होत नाही. अंतिम तपासणी भोपाळच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत होते. मेलेल्या पक्ष्यास उघड्या हाताने स्पर्श न करता नजीकच्या पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे. उद्रेक सिद्ध झाल्यास 1 किलोमीटर परिघातील पक्षी नष्ट केले जातात व 10 किलोमीटरपर्यंत पाळत राहते. या भीतीने कोंबड्या लपवणे किंवा पाहुण्यांच्या गावी धाडणे घडते आणि रोग त्यांच्याबरोबर प्रवास करतो. भरपाई मिळते ती शासनाने नष्ट केलेल्या पक्ष्यांची. आधीच मेलेल्यांची नाही. त्यामुळे खबर उशिरा देणाऱ्याचा कळपही जातो आणि भरपाईही.