नाणेघाटाचे आकडे, खोडदचे प्रोग्रॅम

जुन्नर तालुक्यातल्या नाणेघाटात सातवाहन राणी नागनिकेच्या लेखात दान दिलेल्या गायी, घोडे आणि कार्षापण नाण्यांचे आकडे कोरलेले आहेत. त्यांत शून्य नाही; दहा, शंभर, हजार यांना स्वतंत्र चिन्हं. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा हा हिशेब.

त्याच तालुक्यात आज आकाशाचा हिशेब चालतो. नारायणगावजवळच्या खोडदला, गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण उभी राहिली. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. प्रत्येकीचा संकेत इतर प्रत्येकीशी ताडून पाहायचा, म्हणजे ४३५ जोड्या! आधी हे काम खास घडवलेली इलेक्ट्रॉनिक यंत्रं करत. २०१०च्या सुमारास ते लिनक्सवर चालणाऱ्या, बाजारात सहज मिळणाऱ्या संगणकांच्या समूहाकडे आलं. खरी क्रांती इथेच झाली: यंत्रातली जोडणी बदलणं अवघड, प्रोग्रॅम मात्र पुन्हा लिहिता येतो.

त्यामुळे इथे येणाऱ्या खगोलशास्त्राच्या विद्यार्थ्याला आकाशाइतकाच संगणकही शिकावा लागतो. लिनक्सच्या आज्ञा, पायथन, आणि अमेरिकेत १९७०च्या दशकाअखेर सुरू झालेली ‘एप्स’ ही निरीक्षणांतून चित्र घडवणारी प्रणाली. मानवनिर्मित रेडिओ गोंगाट गाळून काढायचा, मग कुठे दूरच्या दीर्घिकेचं चित्र उमटतं.

दरवर्षी २८ फेब्रुवारीला, विज्ञानदिनी, आसपासच्या शाळांतली मुलं आपापले प्रयोग घेऊन खोडदला येतात.