आईला हॉटेलात नेण्याचा दिवस



मे महिन्याचा दुसरा रविवार आला की बंगळुरू असो, इंदूर असो, हैदराबाद असो किंवा बडोदा, बऱ्या हॉटेलांच्या दारात दुपारी साडेबारापासून गर्दी उसळते. 'मदर्स डे' असतो. आजी, आई, सुना, नातवंडं सगळी दारातल्या प्लास्टिकच्या खुर्च्यांवर नंबर यायची वाट बघत बसलेली असतात. १४ फेब्रुवारीच्या संध्याकाळीही हीच गर्दी दिसते, फक्त माणसं दोन-दोनच्या जोडीने असतात. तासभर ताटकळल्यावर कोणीतरी म्हणतंच, "आजच यायची काय गरज होती? घरी काही केलं असतं." त्यावर दुसरं कोणीतरी म्हणतं, "अरे, पण तिला एक दिवस तरी सुटी नको का?"

मला हे दोन्ही प्रश्न खरे वाटतात, आणि दोघांच्याही मागे मोठा इतिहास आहे. सणाच्या किंवा खास दिवशी बाहेर जेवायला जावं की नाही, हे ठरवण्याआधी तो बघून घेऊ.

सुरुवात करू न्यूयॉर्कपासून, कारण मदर्स डे अमेरिकेतून आला. साल १८६८. चार्ल्स डिकन्स अमेरिकेच्या दौऱ्यावर होते. तिथल्या प्रेस क्लबने त्यांच्या सन्मानार्थ डेलमॉनिकोज या नामांकित रेस्टॉरंटमध्ये मेजवानी ठेवली. जेन क्रोली या पत्रकार बाईंनी त्या मेजवानीचं तिकीट मागितलं आणि त्यांना ते नाकारण्यात आलं. कारण एकच, त्या बाई होत्या. क्रोली गप्प बसल्या नाहीत. त्यांनी मैत्रिणींना जमवून 'सोरोसिस' नावाचा बायकांचा क्लब काढला आणि २० एप्रिल १८६८ रोजी त्याच डेलमॉनिकोजमध्ये दुपारच्या जेवणाची बैठक भरवली. सोबत एकही पुरुष नाही, सगळ्या बायकाच. आज यात काय विशेष, असं वाटेल. पण त्या काळी पुरुष सोबत नसेल तर प्रतिष्ठित हॉटेलात बाईला जेवायला वाढत नसत. एकटी आलेली बाई चांगल्या घरची नसणार, असं सरळ गृहीत धरलं जाई.

त्या एका जेवणाने सगळं बदललं, असंही झालं नाही. पुढे जवळजवळ चाळीस वर्षांनी, १९०७ मध्ये, स्त्रियांच्या मताधिकारासाठी लढणाऱ्या हॅरियट स्टँटन ब्लॅच आपल्या एका मैत्रिणीबरोबर न्यूयॉर्कच्या हॉफमन हाउस हॉटेलात संध्याकाळी जेवायला गेल्या. बरोबर पुरुष नाही म्हणून त्यांना परत पाठवलं. ब्लॅच कोर्टात गेल्या आणि खटला हरल्या.

आता तारखांकडे बघा. ब्लॅचबाईंना दारातून परत पाठवलं १९०७ मध्ये. त्यानंतर वर्षभराच्या आतच, १० मे १९०८ रोजी, वेस्ट व्हर्जिनियातल्या ग्राफ्टन गावच्या चर्चमध्ये पहिला मदर्स डे साजरा झाला. तो घडवून आणणारी बाई म्हणजे ॲना जार्विस. तिची आई ॲन रीव्ह्स जार्विस हिने गावोगावच्या आयांचे गट बांधले होते. स्वच्छता, चांगलं पाणी, दूध, आजारी बाळांची देखभाल ही त्या गटांची कामं. तिची स्वतःची बरीच मुलं लहानपणीच गेली होती, त्यामुळे हे काम तिच्यासाठी नुसतं समाजकार्य नव्हतं. १९०५ मध्ये ती वारली. लेकीने तिच्या आठवणीसाठी हा दिवस मागितला. ग्राफ्टनच्या चर्चला तिने पाचशे पांढरी कार्नेशनची फुलं पाठवली. स्वतः मात्र ती त्या दिवशी फिलाडेल्फियात होती. तिथे वॉनामेकर या मोठ्या दुकानाच्या सभागृहात दुसरा कार्यक्रम होता. १९१४ मध्ये राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी हा दिवस राष्ट्रीय म्हणून जाहीर केला.

ॲनाला हवं होतं ते अगदी साधं होतं. आईला स्वतःच्या हाताने पत्र लिहा, जमलं तर घरी जा, तिच्याजवळ बसा. इंग्रजीत लिहिताना तो शब्द एकवचनीच हवा, असाही तिचा आग्रह होता. जगातल्या साऱ्या मातांचा नव्हे, आपापल्या घरातल्या एकेका आईचा दिवस. पण काही वर्षांतच फुलवाल्यांनी कार्नेशनचे भाव चढवले, छापील कार्डं आली, मिठाईचे डबे आले आणि हॉटेलांचे मदर्स डे मेनू आले. ॲना संतापली. एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. त्याच वॉनामेकरच्या उपाहारगृहात तिला 'मदर्स डे सॅलड' असा पदार्थ दिसला. तिने तो मागवला, बशी आली तशी जमिनीवर उपडी केली, पैसे ठेवले आणि निघून गेली. आपणच सुरू केलेला दिवस बंद व्हावा म्हणून तिने आयुष्याची पुढची वर्षं आणि होते नव्हते ते पैसे खर्च केले. १९४८ मध्ये एका आरोग्यधामात ती वारली.

ही गोष्ट ऐकून आपण लगेच म्हणतो, बघा, बाजाराने सगळं नासवलं. ॲनाचा राग मला समजतो. पण एक प्रश्न मला सोडत नाही. त्या रविवारी मुलं पत्र घेऊन घरी आली, आईजवळ बसली. मग जेवायची वेळ झाली. स्वयंपाक कोणी केला? मुलं घरी येणार म्हणजे आईने दोन पदार्थ जास्तच केले असणार. हॉटेलवाल्यांनी जाहिरात केली की आज आईला स्वयंपाकघरातून सुटी द्या. त्यांना गल्ला भरायचा होता, हे खरंच. पण ज्या दुखण्यावर त्यांनी बोट ठेवलं ते खोटं नव्हतं.

आपल्याकडे बघा. श्रावणी अमावास्या, म्हणजे पिठोरी, हा आपला जुना मातृदिन. त्या दिवशी आई उपास करते, खीरपुरी करते, वाण डोक्यावर धरून मागे न बघता विचारते, "अतिथी कोण?" आणि मागे उभं असलेलं मूल आपलं नाव सांगून ते घेतं. किती सुंदर रीत आहे! पण उपास आईचा आणि स्वयंपाकही आईचाच.

रविवारचंही तसंच. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी वर्षानुवर्षं झगडून १० जून १८९० रोजी रविवारची सुटी पदरात पाडून घेतली. कामगारांच्या आयुष्यातली ती फार मोठी गोष्ट होती. पण गड्याची सुटी म्हणजे घरात बाईचं काम वाढणार, हे कोणाच्या हिशेबात नव्हतं. मटण रविवारी, पाहुणे रविवारी, साठलेलं धुणंही रविवारी.

माझी आजी परळला खाणावळ चालवायची. कोकणातून आणि घाटावरून आलेले गडी एकेका खोलीत पाळीपाळीने झोपत आणि जेवायला तिच्याकडे येत. गिरणगावात अशा शेकडो बायका होत्या. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अशाच खाणावळवाल्या बायकांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, तेव्हा कुठे त्यांना बँकेचं कर्ज मिळू लागलं. आजी त्या मंडळाच्या आधीची. तिचा एकच नियम होता. रविवारी दुपारी गोडाधोडाचं जेवण आणि रात्री चूल बंद. गडी कुरकुरले तरी बंद. पुण्यातल्या मेसमध्ये जेवलेल्या तुम्हा मंडळींना हे ओळखीचं वाटेल. रविवारी दुपारी 'फीस्ट', संध्याकाळी सुटी. आपल्या साध्या खाणावळींनी एक गोष्ट नेमकी ओळखली होती. खास जेवण वाढलं की वाढणाऱ्यालाही विसावा लागतो.

ही माझी आजी, जिने हजारो ताटं वाढली, ती स्वतः हॉटेलात पहिल्यांदा जेवली तेव्हा पन्नाशी ओलांडली होती. दादरच्या एका उडुपी हॉटेलात, फॅमिली रूमच्या पडद्याआड. मसाला डोसा खाल्ला. घरी येऊन म्हणाली, "कोणीतरी मला विचारलं, आणखी काही हवं का? मीच सगळ्यांना विचारत आले आजवर."

'फॅमिली रूमची सोय आहे' ही पाटी आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. जुन्या बोलण्यात 'आमची फॅमिली' म्हणजे बायकोच. बाहेरच्या बाकांवर पुरुषांची वर्दळ, म्हणून बायकामाणसांना आत वेगळी जागा. कोलकात्यात तर कितीतरी उपाहारगृहांच्या नावातच 'केबिन' आहे. दिलखुशा केबिनचं नाव तिकडच्या मराठी मंडळींना माहीत असेल. तिथेही पडदा लावलेले कप्पे असत. तो पडदा बाईला लपवत होता, पण त्याच पडद्यामुळे ती घराबाहेर बसून चार घास खाऊही शकत होती. आणि चाळीत दहा बाय दहाच्या खोलीत आठ माणसांबरोबर राहणाऱ्या नव्या जोडप्याला दोन शब्द बोलायला दुसरी जागा तरी कुठे होती? चहाच्या एका कपावर अर्धा तास. १९९१ नंतर परदेशी वाहिन्या आल्या, भेटकार्डांची दुकानं आली आणि त्यांच्याबरोबर व्हॅलेंटाइन डेही रुजला. त्याला नावं ठेवताना आपण पडद्याआडचा तो चहा विसरू नये. जोडीने बाहेर बसण्याची ओढ कार्डांच्याही आधीची आहे.

म्हणून 'सणाला कसलं हॉटेल' असं कोणी म्हटलं, तर मी त्या बाजूने नाही. बाईने दारातून आत जाऊन टेबलाशी बसावं आणि तिला कोणीतरी वाढावं, यासाठी कितीजणींनी किती वर्षं घालवली, हे आपण आत्ताच बघितलं.

पण 'त्याच दिवशी' जावं का? इथे मात्र माझं मत वेगळं आहे. गर्दीच्या दिवशी हॉटेल कसं चालतं ते बघा. चौघांच्या टेबलावर १४ फेब्रुवारीला दोघंच बसतात, म्हणजे माणसं निम्मी आणि धंदा निम्मा. तो भरून काढायला मालक ठरावीक मेनू लावतो, भाव वाढवतो आणि टेबल लवकर रिकामं व्हावं म्हणून बिल न मागता आणून ठेवतो. मदर्स डेला उलटी अडचण असते. दहा-दहाची कुटुंबं, सगळी एक ते दोनच्या मध्ये येणार, कुणाला जैन, कुणाला तिखट, आजीला मऊ. भटारखाना एकच आणि हातही तितकेच. त्या गडबडीत आईच्या वाट्याला काय येतं? तासभर ताटकळणं, गोंगाट आणि निवलेली भाजी. बरं, आई आहे ती. "छान होतं हो," असंच म्हणणार.

आणि आत भांडी घासणारी, पोळ्या लाटणारी बाई? तीही कोणाची तरी आई असते. १९४८ च्या मुंबई दुकाने व आस्थापना कायद्याने हॉटेलातल्या नोकरालाही आठवड्याची एक सुटी दिली. पण ती सुटी मेच्या दुसऱ्या रविवारी कोणालाच मिळत नाही. त्या दिवशी तिची मुलं तिच्याशिवाय जेवतात. आपल्या आईची सुटी आपण तिच्या सुटीतून उचललेली असते. घरी मागवलं तरी तेच. फरक एवढाच, की उन्हात धावणारा मुलगा आपल्याला दारात दोन मिनिटंच दिसतो.

मग मी काय करते, ते सांगते. मे महिन्याच्या त्या रविवारी आमच्याकडे स्वयंपाक मुलं आणि त्यांचे बाबा करतात. भांडीही तेच घासतात. पिठलं-भात झाला तरी चालतो, अट एकच, आईला "मीठ कुठे आहे?" असं विचारायचं नाही. आणि पुढच्या मंगळवारी किंवा बुधवारी आम्ही आईला हॉटेलात नेतो. कुठलं हॉटेल ते तीच ठरवते. आठवड्याच्या मधल्या दिवशी टेबल लगेच मिळतं, भाजी गरम येते, वेटरला दोन शब्द बोलायला सवड असते. लग्नाच्या वाढदिवसाचं आणि व्हॅलेंटाइनचंही आम्ही तसंच करतो. प्रेम दोन दिवस थांबलं तर नासत नाही.

तुमच्या आईला त्याच रविवारी जायची हौस असेल, नव्या साडीत सगळ्यांसमोर मिरवायचं असेल, तर जरूर न्या. तिचा दिवस आहे, तिचंच खरं. तेवढं करताना साडेबाराऐवजी साडेअकराला पोचा, वेटरवर आवाज चढवू नका, आणि निघताना आत पोळ्या लाटणाऱ्या बाईसाठीही काहीतरी ठेवा. पण आधी आईला विचारा, नीट विचारा. नुसतं "कुठे जायचं?" असं विचारलंत तर ती म्हणेल, "तुम्ही म्हणाल तिथे." त्याऐवजी विचारा, "तुला आज काय करायचं नाहीये?" तिने यादी सांगायला सुरुवात केली की मध्ये बोलू नका.